हेडफोनची लागवड : सुधारित तंत्र

नवोदित गेमर, संगीतप्रेमी आणि त्यांच्याच घरात राहणे भाग असलेल्या सर्वांसाठी

प्रस्तावना

अहिल्यानगर जिल्ह्यात आकड्यांना कोणी घाबरत नाही. को ८६०३२ आणि फुले २६५ ही उसाची नावे इथल्या कितीतरी घरांत नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्की पाठ असतात. कोणते बेणे चोपण रानात तग धरते यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद चालतो. मात्र याच घरातला मुलगा संगणकासाठी हेडफोन घ्यायला निघाला, की पिढ्यानपिढ्यांचे शहाणपण घरीच राहते. दुकानात जाऊन तो सर्वांत जास्त लुकलुकणारा डबा उचलतो. पिशवीवरच्या कणसाचे चित्र आवडले म्हणून बाजरीचे बियाणे घेणारा शेतकरी सापडणे अवघड. डब्यावरचा ड्रॅगन आवडला म्हणून हेडसेट घेणारे प्रत्येक तालुक्यात आहेत.

राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले. त्याच वर्षी जर्मनीच्या झेनहायझर कंपनीने एचडी ४१४ हा उघड्या पाठीचा पहिला हेडफोन बाजारात आणला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तरीही पुढील मार्गदर्शनाचा साचा पीकपुस्तिकांचा घेतला आहे, कारण पीकपुस्तिका आधी जमिनीविषयी बोलते आणि वाणाचे नाव मागाहून घेते. हेडफोनलाही हाच क्रम लागू आहे. घर आधी बघावे, डबा नंतर.

१. जमीन

हेडफोन कानावर बसत असला तरी रुजतो घरात. त्यामुळे खरेदीआधी घराचे माती परीक्षण करून घ्यावे. नमुना संध्याकाळी साडेसात ते नऊ या वेळेत घ्यावा. मालिका, कुकर आणि शेजाऱ्यांचे फोनवरचे बोलणे यांचे खरे प्रमाण तेव्हाच कळते. जमिनीचे चार प्रकार आढळतात.

भारी काळी जमीन : स्वतःची खोली आणि बंद होणारे दार. सावेडी-केडगावच्या नव्या फ्लॅटांत आणि एकुलत्या एक मुलांकडे आढळते. यात कोणताही वाण येतो.

मध्यम जमीन : खोली मोठ्या भावाबरोबर सामाईक. दादा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. त्याला शांतता हवी असते, आणि निकाल लागल्यावर ती कोणी बिघडवली हे सांगायला एक माणूसही हवा असतो.

हलकी मुरमाड जमीन : संगणक हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. पाहुणे आले की "हा काय करतो दिवसभर?" या प्रश्नाचे उत्तर त्यांना समोरच दिसते.

चोपण जमीन : खिडकी थेट रस्त्याकडे. गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून कारखान्याकडे जातात. खारेकर्जुन्याच्या बाजूला घर असेल तर के. के. रेंजवरच्या रणगाड्यांच्या सरावाचे धमाकेही कानावर येतात. तिथल्या मुलाला खेळातल्या तोफेचा आवाज खोटा आहे हे लगेच कळते. त्याला फसवणे सोपे नाही.

जमिनीचा दुसरा घटक म्हणजे अर्थिंग. संगणकाच्या लोखंडी डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर हेडफोन कितीही महाग घेतला तरी त्यात बारीक 'घूंऽऽ' ऐकू येण्याची शक्यता दाट असते. आपल्याकडची वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते आणि अर्थिंग नसेल तर तिची ही हालचाल कानापर्यंत पोहोचते. पुष्कळजण ती ऐकून हेडफोन बदलतात. बदलायचा असतो तो बोर्ड. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांचा प्लग दोन भोकांच्या बोर्डात बसावा म्हणून तिसरी पिन उपटली असेल तर तीही परत आणावी.

पाणी व्यवस्थापन : मीठ-कोळसा घातलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे. पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे मे महिन्यात माणसांसाठीच टँकरची वाट पाहावी लागते. तिथे "हेडफोनमध्ये आवाज येतो म्हणून खड्ड्याला पाणी घालतोय" असे आईला सांगू नये. भांडी धुतलेले पाणी गुपचूप वापरावे.

२. हवामान

डब्यावर ज्याचा फोटो असतो तो तरुण बर्फाच्या देशातला असतो. त्याच्या खोलीत घाम नाही, भारनियमन नाही आणि त्याच्या केसांना खोबरेल तेलही नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. दुपारी लाईट जाते, पंखा बंद पडतो आणि यूपीएसच्या जोरावर संगणक तेवढा काही मिनिटे सुरू राहतो. अशा वेळी नकली चामड्याच्या जाड गाद्या कानांची वाफ काढतात.

म्हणून कोरडवाहू भागात कापडी किंवा मखमली गाद्या घ्याव्यात. त्या बाहेरचा आवाज थोडा जास्त आत सोडतात आणि बेस जरा कमी करतात, पण कान जिवंत राहतात. नकली चामडे घाम आणि तेल पिऊन वर्षा-दोन वर्षांत सोलपटू लागते. मग काळे कण कानामागे, गालावर आणि शेवटी उशीच्या अभ्र्यावर उतरतात. घरात चौकशी तिथून सुरू होते. गाद्या बदलता येतात का आणि सुट्या मिळतात का, हे दुकानातच विचारावे.

वजन अडीचशे ते तीनशे ग्रॅमच्या आसपास असावे. चष्मा असेल तर चष्मा घालूनच डोक्यावर चढवून पाहावा आणि निदान पंधरा मिनिटे काढू नये. चष्म्याची काडी आणि गादी यांचे भांडण पहिल्या पाच मिनिटांत दिसत नाही. दुकानदार "भाऊ, बसतोय ना व्यवस्थित?" असे दुसऱ्याच मिनिटाला विचारतो. त्याला मान डोलावून उत्तर द्यावे, म्हणजे हेडफोन डोक्यावर घट्ट राहतो का याचीही परीक्षा होते.

३. वाण निवड

चालणाऱ्या पहिल्या हेडफोनांपैकी एक अमेरिकेच्या युटा राज्यात नॅथानिएल बाल्डविन यांनी १९१० मध्ये आपल्या स्वयंपाकघरात बनवला आणि अमेरिकी नौदलाने तो घेतला. दोन कानांत दोन वेगळे आवाज देणारा, गाण्यासाठीचा हेडफोन जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये आणला. त्यानंतर पुष्कळ वाण निघाले. नवशिक्याला त्यांतले पाच पुरेत.

उघड्या पाठीचा आणि बंद पाठीचा : या दोघांतला फरक आपल्या जिल्ह्याइतका कोणालाच चांगला कळणार नाही. उघड्या पाठीचा हेडफोन म्हणजे शनिशिंगणापूरचे घर. दार नाही, कडी नाही. २०११ मध्ये युको बँकेने तिथे कुलपाशिवाय शाखा उघडली, त्याच विश्वासाने हा हेडफोन आपले सगळे गाणे बाहेर सोडतो आणि बाहेरचे सगळे आत घेतो. त्या बदल्यात आवाज मोकळा होतो. वाद्ये डोक्याच्या आत दाटीवाटीने बसत नाहीत, आजूबाजूला पसरतात. खेळात पावले नेमकी कुठून येत आहेत ते छान कळते, कानही तापत नाहीत. झेनहायझर एचडी ५६०एस हा या जातीतला. बंद पाठीचा म्हणजे नगरचा भुईकोट किल्ला : जाड तट, भोवती खंदक. १९४२ ते १९४५ या काळात नेहरूंनी याच किल्ल्यात कैदेत असताना जाडजूड ग्रंथ लिहिला, यावरून बाहेरचा व्यत्यय किती कमी असेल ते ध्यानात यावे. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स आणि बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो हे या जातीतले परिचित वाण. दोष एवढाच, की आतला आवाज तटाला आपटून परत येतो, आणि स्वस्त वाणांत त्यामुळे बेस फुगतो.

हलक्या जमिनीत उघडा वाण लावू नये. गाणे सगळा हॉल ऐकतो आणि मालिकेतल्या सासूचा प्रत्येक शब्द तुमच्या खेळात शिरतो.

कानात घालायचे इअरफोन : दिसायला क्षुल्लक, उत्पन्न चांगले. नीट बसले तर बाहेरचा आवाज बराच रोखतात, उन्हाळ्यात सुसह्य असतात आणि चष्म्याशी त्यांचे वैर नाही. मोठ्या ई-स्पोर्ट्स स्पर्धांत खेळाडू कानात हेच घालतात. वरचा मोठा हेडसेट प्रेक्षकांचा गोंगाट अडवायला असतो. त्याची चित्रे पाहूनच आपण मोठा हेडसेट घेतो, ही जाहिरातशास्त्राची कमाल.

बिनतारी : यात दोन पोटजाती आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. ब्लूटूथला आवाज पोहोचवायला सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाइतका उशीर सहज होतो. गाण्याला त्याने फरक पडत नाही. खेळात मात्र गोळी आधी लागते आणि तिचा आवाज मागाहून येतो. शिवाय ब्लूटूथवर माइक सुरू केला, की संगणक बहुधा फोनच्या दर्जाचा आवाज देऊ लागतो आणि खेळ थेट जुन्या एसटीडी बूथमध्ये चालल्यासारखा ऐकू येतो. दुसरी पोटजात यूएसबीत खोचायच्या छोट्या डोंगलसह येते. तिचा उशीर जाणवत नाही. बिनतारीच हवा असेल तर हीच घ्यावी.

आवाज खोडून काढणारा : विमानातल्या घरघरीला कंटाळून अमर बोस यांना १९७८ मध्ये ही कल्पना सुचली. हा वाण इन्व्हर्टरची गुणगुण, पंख्याची घरघर आणि विहिरीवरच्या मोटारीचा एकसुरी आवाज चांगला मारतो. अचानक येणाऱ्या उंच आवाजांपुढे तो कमी पडतो. कुकरची शिट्टी आत येते. "जेवायला येतोस का ताट झाकून ठेवू?" हेही आत येते. या हाकेवर प्रतिबंधक उपाय अद्याप विकसित झालेला नाही.

४. पिशवीवरचा टॅग वाचणे

"५० मिलिमीटरचा ड्रायव्हर" : आत थरथरणारा पडदा केवढा आहे, एवढेच हा आकडा सांगतो. कानात घालायच्या चांगल्या इअरफोनचा पडदा १० मिलिमीटर किंवा त्याहून लहान असतो आणि तो उत्तम बेस देतो. मोठा ड्रायव्हर म्हणजे मोठा आवाज, हे समीकरण फक्त ऊस वाहतुकीत खरे ठरते.

"१० हर्ट्‌झ ते ४० किलोहर्ट्‌झ" : माणसाचा कान साधारण २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ एवढे ऐकतो, आणि वरची मर्यादा वयाबरोबर खाली येते. त्यापुढचा भाग तुमच्या छताखालच्या वटवाघळांसाठी आहे.

"३२ ओहम" : १६ ते ३२ ओहमचे हेडफोन मोबाईलवर आणि संगणकावर सहज चालतात. डीटी ७७० प्रो हाच वाण २५० ओहममध्येही मिळतो. तो थेट संगणकाला जोडला तर आवाज मलूल येऊ शकतो आणि वेगळा अॅम्प्लिफायर घ्यावा लागतो. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. अॅम्प्लिफायर घेतलेला माणूस पुढे वायरीही बदलू लागतो आणि मग घरच्यांशी त्याचे बोलणे फक्त ओहममध्ये होते.

"७.१ सराउंड" : कान दोनच आहेत. बहुतेक हेडफोनांत दोनच पडदे असतात आणि मागून आल्याचा भास सॉफ्टवेअर घडवते. हा भास खेळाच्या आतल्या सोयीने किंवा विंडोजमधल्या फुकटच्या विंडोज सॉनिकनेही मिळतो. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. गाणी ऐकताना तो बंद ठेवावा, नाहीतर गायक मंगल कार्यालयाच्या मोकळ्या हॉलमध्ये उभा असल्यासारखा वाटतो.

"आरजीबी लाईट" : स्वतःच्या कानावरचा दिवा स्वतःला दिसत नाही. तो दिसतो रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलेल्या वडिलांना.

टॅग वाचून झाल्यावर पक्के बिल घ्यावे आणि डबा वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर जपून ठेवावा. बोगस बियाण्याप्रमाणेच बोगस हेडफोनही येतात. नामांकित कंपनीचा वाण निम्म्या भावात रस्त्याकडेला मिळत असेल, तर उगवण होईल, फक्त दुसरेच काहीतरी उगवेल.

५. पेरणी

वायरीच्या टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन असते. पिनेवर दोन काळी वलये असतील तर ती फक्त ऐकण्यासाठी. तीन असतील तर माइकही त्याच पिनेत आहे. डेस्कटॉपला बहुधा दोन वेगळी भोके असतात : हिरवे ऐकण्याचे, गुलाबी बोलण्याचे. तीन वलयांची पिन नुसती हिरव्यात खुपसून "माइक खराब निघाला" म्हणत दुकानात परतणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. एका पिनेच्या दोन करणारा फाटा शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. तो घ्यावा आणि परंपरा मोडावी.

पुढच्या बाजूच्या भोकात खरखर येत असेल तर मागच्या बाजूला पेरणी करावी. तिथेही खरखर असेल तर यूएसबीचे छोटे साउंड कार्ड वापरून पाहावे. संगणकाच्या आतल्या विद्युत गोंधळापासून ते आवाजाला थोडे लांब ठेवते. यूएसबी हेडसेटमध्ये ते आतच असते. मात्र यूएसबी वायर तुटली तर दुरुस्ती किचकट होते, आणि खुर्चीच्या चाकाखाली हमखास हीच वायर येते.

६. उगवण चाचणी

दुकानदार स्वतःच्या मोबाईलवर एक गाणे लावतो. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'धप्‌ धप्‌' असते. "दादा, बेस बघा, लई भारी!" म्हणत तो आवाज वाढवत जातो. त्याच्या गाण्यावर बेस कुठल्याही हेडफोनचा भारी लागतो. आपली, तोंडपाठ असलेली गाणी घेऊन जावे.

तानपुरा : जवारी लावलेल्या तारेतून बारीक झंकार सुटतो. तो वेगळा ऐकू यावा. नुसतीच गुणगुण आली तर वरचे सूर दबलेले आहेत.

ढोलकी : शाईची बाजू टणकन वाजावी आणि धुम घुमावी. दोन्ही मिळून एकच 'डब्‌' येत असेल तर बेसने बाकीच्यांची हद्द खाल्ली आहे. लावणीतल्या घुंगरांचा एकेक दाणा सुटा ऐकू यावा, पण कानाला टोचू नये.

सैराट : कर्जत-जामखेडला लागूनच असलेल्या करमाळा तालुक्यात चित्रित झालेल्या या २०१६ च्या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठ्या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले. तो वाद्यवृंद जिल्ह्यातल्या एकाही वरातीत कोणी ऐकलेला नाही. डीजेवर फक्त ठोका पोहोचला. चांगल्या हेडफोनवर व्हायोलिन थरांथरांत ऐकू येतात, आणि आपण इतकी वर्षे या गाण्यांवर अर्धेच नाचलो हे कळते.

खेळ : नेहमीच्या खेळाचा एखादा व्हिडिओ लावावा, डोळे मिटावेत आणि पावले डावीकडून आली, उजवीकडून की मागून, ते बोटाने दाखवावे. आजूबाजूचे गिऱ्हाईक पाहत राहते. पाहू द्यावे.

७. आंतरपीक : माइक

हेडसेट म्हणजे हेडफोनच्या मुख्य पिकात घेतलेले माइकचे आंतरपीक. एकाच पैशात दोन पिके घेतली की बहुतेक वेळा दोन्हींचा उतारा घटतो. म्हणून गाण्याला महत्त्व असेल तर साधा चांगला हेडफोन आणि टेबलावरचा किंवा कॉलरचा वेगळा माइक, ही जोडी त्याच बजेटमध्ये बहुधा सरस पडते. मुरमाड जमिनीत मात्र तोंडाजवळ येणारा दांडीचा माइकच बरा, कारण टेबलावरचा माइक टीव्हीही मनापासून ऐकतो. तोंडासमोर अगदी सरळ न धरता तो ओठांच्या कडेला ठेवावा, म्हणजे श्वासाचा वारा लागत नाही. डिस्कॉर्डमध्ये गोंगाट गाळायची सोय आहे, ती सुरू ठेवावी. मिक्सरवर वाटण चालू असले तरी निम्मे काम होते.

बंद पाठीच्या हेडसेटमध्ये स्वतःचा आवाज स्वतःला नीट ऐकू येत नाही, म्हणून माणूस ओरडतो. "मागे आहे, मागे आहे, मार त्याला!" हे रात्री अकराला शेजारच्या घरी पोहोचले की शेजारी दार वाजवतात. यावर साइडटोन ही सोय असते. ती स्वतःचाच आवाज हळू कानात परत देते. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातली आहे. ती तुमच्या टीममधल्या मित्रांना माहीत नसली तरी शेजारच्या काकांना माहीत असते.

माइक नसल्याने खेळ अडतो असेही नाही. नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा १० जुलै १९२५ पासून ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून आणि १९५४ नंतर फक्त हातांच्या खुणांनी त्यांनी देशोदेशीच्या अनुयायांशी संवाद चालवला. आपल्याला तर नकाशावर खूण करायचे बटण दिलेले आहे.

८. आंतरमशागत

हेडफोन आणल्या दिवशीच "मजा नाही" म्हणू नये. आधी विंडोजमध्ये आवाज वाढवणाऱ्या आणि 'सुधारणाऱ्या' ज्या सोयी आपोआप सुरू असतात त्या बंद कराव्यात. व्हॅलोरंटसारख्या खेळात दिशा दाखवणारी एचआरटीएफ ही सोय आतच आहे. ती सुरू केली तर हेडसेटचे ७.१ बंद करावे. दोन्ही एकदम चालू ठेवल्यास शत्रू एकाच वेळी स्वयंपाकघरातून आणि गच्चीवरून येतो. इक्वलायझर एपीओ हे फुकटचे सॉफ्टवेअर घेऊन फुगलेला बेस थोडा उतरवावा. बेस कमी केला की पावले वर येतात. बेस वाढवला की फक्त मान हलते.

९. खताची मात्रा

आवाज हे युरियासारखे खत आहे. थोडे टाकले की पीक हिरवेगार दिसते, म्हणून माणूस आणखी टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, लहान मुलांनी ७५ डेसिबलचा. दर तीन डेसिबलच्या वाढीला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात. हे चार तास कित्येकजण शनिवारी रात्रीच संपवतात.

कानाच्या आतल्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. खेळ संपल्यावर कानात 'कुंईऽऽ' वाजत असेल तर मात्रा जास्त झाली असे समजावे. बाहेरच्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवावा लागत असेल तर दोष जमिनीचा आहे. तिथे बंद पाठीचा वाण किंवा नीट बसणारे इअरफोन लावावेत, म्हणजे कमी मात्रेत तेवढेच ऐकू येते.

१०. रोग आणि कीड

लक्षण : एका कानाचा आवाज जातो-येतो. कारण : पिनेजवळ वायर मोडली. उपाय : नवी पिन डागून मिळते. वायर सुटी होणारा वाण असेल तर नुसती वायर बदलावी. विशिष्ट कोनात मान धरून गाणी ऐकणे हा उपाय नव्हे.

लक्षण : मित्रांना त्यांचाच आवाज परत ऐकू येतो. कारण : तुमच्या हेडफोनचा आवाज तुमच्याच माइकमध्ये शिरतो. उपाय : आवाज कमी करावा, माइक लांब न्यावा, उघडा वाण असेल तर त्यांना सवय करून घ्यायला सांगावे.

लक्षण : हाक ऐकू येत नाही. कारण : हेडफोन उत्तम आहे. उपाय : जेवणाच्या वेळेला एक कान उघडा ठेवावा.

११. सावधानता

हेडफोन घालून गाडी चालवू नये. संगमनेर, राहुरी, अकोले, श्रीरामपूर या पट्ट्यात रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी धरायला जाताना तर तो घरीच ठेवावा. खेळात मागून येणाऱ्या पावलांचा अंदाज चुकला तर दुसरा डाव मिळतो. उसातला बिबट्या तेवढी सवलत देत नाही.

१२. शिफारस

काळ्या जमिनीत उघड्या पाठीचा वायरीचा हेडफोन आणि वेगळा माइक. मध्यम जमिनीत बंद पाठीचा वायरीचा हेडफोन, माइक वेगळा, आणि दादाच्या परीक्षेच्या आठवड्यात नकाशावरच्या खुणा. मुरमाड जमिनीत बंद पाठीचा, दांडीच्या माइकचा हेडसेट. पाहुणे आले की उठून जाता यावे म्हणून डोंगलवाला बिनतारी मिळाला तर उत्तम. चोपण जमिनीत कानात नीट बसणारे इअरफोन, आणि ट्रॅक्टरवरचे गाणे चांगले असेल तर तेच ऐकावे.

अंतिम चाचणी परतीची मुदत संपायच्या आत घ्यावी. घरात ज्या व्यक्तीचा आवाज सर्वांत मोठा आहे तिच्या कानावर हा हेडफोन एक संध्याकाळ चढवावा. समजा ती आजी आहे. तिला इंदुरीकर महाराजांचे कीर्तन लावून द्यावे. तिने दहा मिनिटांत काढून ठेवला तर दाब किंवा वजन जास्त आहे, बदलून घ्यावा. तासभर ठेवला तर वाण चांगला आहे. मालिकेची वेळ झाली तरी तिने काढला नाही, टीव्ही बंदच राहिला आणि घरात मधूनमधून फक्त तिचे हसणे ऐकू आले, तर तो हेडफोन आता परत मिळत नाही असे समजून दुसऱ्याची तयारी करावी. दुसरा खुशाल उघड्या पाठीचा घ्यावा. तोवर जमीन सुधारलेली असते.